नादियाचे उच्चार



मार्कंड्याच्या जत्रेत मी माईकसमोर आज पहिल्यांदाच उभा आहे. आजवर माझी जागा विंगेत असायची, हातात नाटकाची वही आणि वहीवर टॉर्चचा उजेड. शाळेतली नोकरी सांभाळून मी एकतीस हंगाम प्रॉम्प्टिंग केलं. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर म्हणजे काय चीज असते, हे तुम्हाला सांगायला नको. नायकाला नायिकेचं नाव आठवत नसेल तर तेही आम्हीच पुरवायचं. त्यामुळे दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात घालायची सवय आहे, स्वतःचं बोलायची नाही. सांभाळून घ्या.

विषय विचारायला व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचा फोन आला, तेव्हा मी 'नादिया' म्हणालो. पलीकडे जरा शांतता पसरली. मग आदबीनं विचारणा झाली, "सर, आपल्याकडचं काही घेता येईल का?" त्यांचं चुकलं नाही. वैनगंगेच्या काठावर, या देवळांच्या पायथ्याशी, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या नटीवर बोलायचं म्हणजे विचित्रच. पण हा विषय मी शोधलेला नाही. ज्या गुरुजींच्या नावानं आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांनीच तो मला दिला. लहानपणी त्यांनी याच जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला होता. गुरुजी वर्गात अतिशय शुद्ध बोलायचे, पण ही आठवण सांगताना घरच्या बोलीवर यायचे: "का बाई होती गा थे! मानसाले डोक्यावर उचले अन् फेकून दे. तिचा बोलना काही समजे नाई. पर समजून का करा लागे?"

त्यांचा हा शेवटचा प्रश्न घेऊनच मी इथे आलो आहे.

तिचं खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, गाव पर्थ. हे शहर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. बाप ब्रिटिश सैन्यातला स्कॉटिश शिपाई, आई ग्रीक. बापाच्या नोकरीपायी पोर लहानपणीच मुंबईला आली. बाप पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, मारला गेला. मायलेकी पुढे पेशावरकडे राहिल्या, आणि तिथे ही मुलगी घोड्यावर बसायला, बंदूक चालवायला शिकली. १९२८ साली ती मुंबईला परतली ती आईसोबत आणि कडेवर एक मुलगा घेऊन. आपल्याकडे अशा बाईकडे गाव कसं बघतं, ते तुम्ही जाणता. तिनं काही दिवस आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये माल विकला, टायपिंग आणि शॉर्टहँड शिकली. मग मादाम आस्त्रोव्हा नावाच्या रशियन नृत्यशिक्षिकेकडे बॅले शिकून तिच्या मंडळीबरोबर गावोगाव नाचली. छावणीतल्या गोऱ्या शिपायांपुढे नाचली, संस्थानिकांपुढेही नाचली. १९३० च्या सुमारास काही काळ झार्को सर्कशीत होती. 'नादिया' हे नाव या फिरतीतलंच. एका आर्मेनियन ज्योतिषिणीनं सांगितलं की तुझं नाव 'न' अक्षरावरून असू दे, भाग्य उघडेल. त्या 'न' अक्षराकडे मी पुन्हा येणार आहे.

आता ही सगळी कामं एका ओळीत मांडून बघा. दुकान, टाइपरायटर, बॅले, सर्कस. यात नाटकाची शाळा कुठेच नाही. पण अंग पुरतं तयार झालेलं होतं. कोलांटी कशी घ्यायची, तोल कुठे सांभाळायचा, पडायचं कसं म्हणजे हाड मोडत नाही, हे तिला रोजच्या खेळांनी शिकवलं. हंगामात रोज नवं गाव, रात्री प्रयोग आणि दिवसा गाडीत झोप, ही शाळा आपल्या वडश्याच्या नाटक मंडळ्यांतल्या कलाकारांना चांगली ठाऊक आहे.

लाहोरच्या रीगल सिनेमाचे एरच कांगा यांनी तिला हेरलं आणि जमशेद वाडिया, म्हणजे जे. बी. एच. वाडिया, यांच्याकडे पाठवलं. जहाजं बांधणाऱ्या नामांकित पारशी घराण्यातला हा माणूस वकिली शिकून सिनेमात शिरला होता. धाकटा भाऊ होमी याच्याबरोबर त्यानं १९३३ साली वाडिया मूव्हीटोन काढली. स्टुडिओ परळला, घराण्याच्या जुन्या वाड्यात. पुढे १९४२ साली त्याच जागी व्ही. शांताराम यांचं राजकमल उभं राहिलं. म्हणजे मराठी रसिक ज्या पत्त्याला हात जोडतो, त्या पत्त्यावर आधी हंटर वाजत होता.

सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, दणकट बांध्याची ही बाई वाडियांपुढे उभी राहिली तेव्हा तिचं हिंदी म्हणजे आनंदच होता. बोलपट नुकताच आला होता. 'आलम आरा' १९३१ चा. त्या काळात नटीची किंमत तिच्या गळ्यावर ठरायची. पार्श्वगायनाची सोय १९३५ साली कुठे सुरू होत होती, म्हणजे गायचं तर नटीनं स्वतः. नादियाकडे गाण्याचं अंग नव्हतं आणि बोलणं अडखळत. अशा बाईला नायिका करणं म्हणजे संगीत नाटकात मुका नायक उभा करणं.

पुण्यात जन्मलेली रुबी मायर्स, पडद्यावरची सुलोचना, मूकपटाच्या काळातली सगळ्यांत मोठी नटी होती. बगदादी ज्यू घरातली. बोलपट आला आणि हिंदुस्थानी येत नाही म्हणून तिला थांबावं लागलं. वर्षभर भाषेची तालीम करून ती परत आली. त्याआधीची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची मेरी फेंटन, आयरिश शिपायाची मुलगी, पारशी रंगभूमीवर गुजराती इतक्या सफाईनं बोलायची की प्रेक्षक थक्क व्हायचे. दोघींनी परकेपणा फेडला तो जिभेनं. मेरी इव्हान्सनं फेडलाच नाही. तिचं नाव बदलून नंदादेवी ठेवावं, डोक्यावर काळ्या केसांचा टोप चढवावा, अशी सूचना जमशेदजींनी केली होती. तिनं साफ नाकारली. मला तिचं सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं ते इथे. सिंहांच्या पिंजऱ्याचं नंतर.

आधी तिला दोन सिनेमांत छोट्या भूमिका देऊन चाचपून पाहिलं, 'देश दीपक' आणि 'नूर-ए-यमन'. मग १९३५ सालीच 'हंटरवाली' आला. होमी वाडियांचं दिग्दर्शन. गोष्ट आपल्या ओळखीची. राजाला दुष्ट मंत्री कैद करतो, राजकन्या माधुरी तोंडाला मुखवटा बांधून, घोड्यावर बसून, हंटर घेऊन गोरगरिबांचा न्याय करते. घोडा, कुस्ती, छतावरून उडी, सगळं तिनं स्वतः केलं. चित्रपट तयार झाला तेव्हा वितरक हात लावेनात. गोरी बाई पुरुषांना चाबकानं मारते, हे कोण बघणार? वाडियांनी भागीदाराच्या मदतीनं स्वतःच तो लावला. पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. बाजारात हंटर, पट्टे, आगपेट्या तिच्या नावानं खपू लागल्या, आणि त्यातला पैसा वाडियांकडे आला नाही तो नाहीच.

पडद्यावर येताना ती एक हाक द्यायची, "हे-ए-य!" एवढीच. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांनी लहानपणीचा सर्वांत न विसरता येणारा आवाज म्हणून त्या हाकेबद्दल लिहिलं आहे. बघा, ज्या माणसानं पुढे आयुष्यभर रंगभूमीसाठी शब्द लिहिले, त्याच्या कानात राहिलेला आवाज शब्दाचा नाही. हाकेला व्याकरण नसतं. 'हे-ए-य'मध्ये जीभ कुठे लावायची, हा प्रश्न येत नाही.

वाडियांची खरी अक्कल इथे दिसते. त्यांनी तिची जीभ सुधारण्यावर फार वेळ घातला नाही. गोष्टच अशी रचली की बोलायचं काम इतरांनी करावं, गायचं काम इतरांनी करावं, आणि निर्णायक क्षणी हिनं यावं. सोबत घोडा, ज्याचं नाव 'पंजाब का बेटा'. सोबत कुत्रा. सोबत एक मोटार, तिचं नाव 'रोल्स रॉइस की बेटी'. यातलं कुणीच हिंदी बोलत नव्हतं, आणि तिघांनाही प्रेक्षकांच्या टाळ्या होत्या.

मग रांगच लागली. 'मिस फ्रंटियर मेल' १९३६, 'हरिकेन हंसा' १९३७, 'लुटारू ललना' १९३८, 'पंजाब मेल' १९३९, 'डायमंड क्वीन' १९४०, 'जंगल प्रिन्सेस' १९४२. सोबत बहुधा जॉन कावस, तोही पिळदार पारशी. धावत्या रेल्वेच्या टपावर ती मारामारी करायची. आपल्या अख्ख्या जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणजे वडसा. तिथून पुढे अहेरी-भामरागडपर्यंतच्या माणसानं रेल्वे पाहिली ती आधी पडद्यावरच, आणि पाहिली तीही टपावर बाई असलेली. गुरुजी म्हणायचे, पुढे खरी गाडी पाहिली तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं.

सिंहांचं सांगतो म्हणालो होतो. 'जंगल प्रिन्सेस'मध्ये खरे सिंह आहेत आणि त्यांच्यासोबत खरी नादिया आहे. बस्स. सांगण्यासारखं यात इतकंच आहे. बघण्यासारखं पुष्कळ आहे.

आता थोडं अवघड बोलतो.

या यशाचं श्रेय तिच्या धाडसाला देऊन मोकळं होता येत नाही. त्यात तिच्या कातडीचाही वाटा होता. १९३५ साल म्हणजे कोणतं साल? मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्रीनं करावी की नाही, हा वाद जेमतेम थंडावत होता. नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' १९३३ साली रंगभूमीवर आणलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी कामं केली, तर त्याची चर्चा आजही नाट्येतिहासात होते. दुर्गा खोटे चांगल्या घरातल्या, म्हणून त्यांच्या सिनेमात येण्यावर किती बोललं गेलं! त्यांनीही 'अमर ज्योती'मध्ये, 'हंटरवाली'नंतर वर्षभरात, समुद्रावरची लुटारू राणी सौदामिनी साकारली. प्रभातनं ती उत्तम सादर केली, भारदस्त, विचारी. पण सौदामिनीला स्त्रियांच्या गुलामीबद्दल बोलावं लागतं, आपण शस्त्र का धरलं याची कैफियत द्यावी लागते. नादियाच्या माधुरीला कैफियत फारशी द्यावी लागत नाही. ती मेम आहे. मेम घोड्यावर बसते, मेम तोकडे कपडे घालते, मेम पुरुषाच्या गालात लावते, हे बघणाऱ्यानं आधीच मान्य केलेलं असतं. आपल्या घरातल्या बाईला जी मोकळीक द्यायची नाही, ती पडद्यावरच्या परकीला देऊन टाकली, आणि तिच्या हातून आपला सूड उगवून घेतला.

आणि सूड कोणावर? जुलमी सत्तेवर. राज्य इंग्रजांचं, सेन्सॉर इंग्रजांचा. अशा वेळी ब्रिटिश शिपायाची मुलगी जुलमी राज्यकर्त्यांना हंटरनं झोडते आणि पिटातला गिरणी कामगार शिट्ट्या मारतो. जमशेदजी पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी झाले. राजकारण त्यांच्या रक्तात होतं. 'डायमंड क्वीन'मध्ये त्यांनी नादियाच्या तोंडी स्त्रीच्या स्वातंत्र्याची भाषा घातली. तिचे उच्चार तिथेही कच्चेच आहेत. पण कुणाला हसू आलं असेल असं मला वाटत नाही.

हसू आलं नाही, याच जागेवर मी बरेच दिवस अडकून बसलो होतो.

कारण आम्हाला हसतात. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही, 'श' नाही. आपण पानी पितो, आपल्याला डोरे असतात, आपण सारेत जातो. प्राध्यापक हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य घातलं, ती स्वतंत्र, नियमानं चालणारी बोली आहे हे अभ्यासानं दाखवलं. तरी रंगमंचावर काय होतं? नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात आणि झाडी बोलतो तो विनोदी नट. आपल्याच गावात, आपल्याच मंडपात, तिकीट काढून आपण आपल्या बोलीला हसतो.

फार वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आम्ही एकांकिका नेली होती, मोठ्या शहरात. नायिकेचं काम करणारी मुलगी आरमोरीकडची. दुःखाच्या प्रवेशात पूर्ण सभागृह शांत होतं. मग तिच्या तोंडून 'प्राण' ऐवजी 'प्रान' आलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. परीक्षकांनी नंतर सांगितलं, अभिनय चांगला आहे, उच्चारांवर काम करा. एका 'न'साठी! तोच 'न' ज्योतिषिणीनं मेरीला दिला तर ती नादिया झाली.

आता यावर, परक्यांना माफ आणि आपल्यांना सजा, असं म्हणून टाळ्या घेता येतील. मला त्या नकोत. कारण त्या मुलीला सगळ्यांत जास्त कुणी टोकलं असेल तर मीच. तालमीत 'ण' म्हण, 'ण' म्हण, जीभ वर लाव. एकतीस हंगाम माझ्या वहीत आणि कलाकारांच्या तोंडात मी 'ण' भरत आलो. परीक्षक तर एका संध्याकाळचे.

नादियाला जे मिळालं ते आपल्या नटींना मिळत नाही, हे आणखी एका बाबतीत खरं आहे, ते म्हणजे नाव. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडईच्या जत्रा, बैलांचे शंकरपट आणि नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. नागपूरहून, अजून लांबूनही, मुली येतात. आधी दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांत बाईचं काम पुरुषच करायचे. आता जाहिरातीवर नटीचा फोटो नसेल तर बुकिंग होत नाही. या मुली रात्री दहाला उभ्या राहतात, पहाटे उतरतात, गाडीत झोपतात, दुसऱ्या गावी पुन्हा दहाला उभ्या. संहिता कधी कधी गाडीतच हातात पडते. आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके फोडले, आणि फोडायलाच हवे होते. पण त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या नायिकांची नावं इथे किती जणांना सांगता येतील? मलाही पाच-सहाच्या पुढे येत नाहीत, आणि मी तर त्यांना वाक्यं पुरवत होतो.

मेरीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९४२ च्या सुमारास होमींनी बसंत पिक्चर्स काढली. 'हंटरवाली की बेटी' १९४३ साली आला. नंतर नादियाचं काम हळूहळू विरळ झालं. शरीरावर उभी केलेली कारकीर्द शरीराबरोबरच उतरते. शब्दांवर जगणाऱ्या नटाला म्हातारपणी बापाच्या, आजीच्या भूमिका असतात. चाबकावर जगणाऱ्या नटीला कोण आजी करणार? तरी १९५९ साली 'सर्कस क्वीन', आणि साठाव्या वर्षी, १९६८ साली, 'खिलाडी'मध्ये ती पुन्हा पडद्यावर दिसली. होमी आणि ती वर्षानुवर्षं एकमेकांचे होते. होमींच्या आईला गोरी सून मान्य नव्हती. आई गेल्यावर, १९६१ साली, लग्न झालं. नवरीचं वय त्रेपन्न. सिंहाला न घाबरणारी बाई सासूसमोर वीसेक वर्षं थांबली. मायबहिणी हसताहेत. हसा, तुमचा अधिकार आहे.

१९९३ साली वाडिया घराण्यातल्याच रियाद वाडियानं तिच्यावर माहितीपट केला आणि जगाला ती नव्यानं कळली. ९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती मुंबईत गेली. पर्थला परत राहायला ती कधीच गेली नाही.

सकाळी मी देवळाला वळसा घालत होतो. वीज पडून मोडलेल्या शिखराचं गाऱ्हाणं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, पण भिंतीवरच्या सुरसुंदरी अजून उभ्या आहेत. कुणाचं नाक गेलंय, कुणाचा हात. कमरेतला बाक मात्र तसाच आहे. घडवणारे कुठून आले, कोणती बोली बोलत होते, आपल्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. समजून का करा लागे?

पलीकडच्या मंडपातली दुसरी घंटा झाली, तिसरीच्या आत मला संपवलं पाहिजे, नाहीतर तुम्हीच उठाल. एवढंच सांगतो. मागच्या हंगामात, कुरखेड्याकडे, नायिका इथलीच होती, शेतकऱ्याची पोर. तिसऱ्या अंकात तिनं दारूड्या नवऱ्याची काठी हिसकावून घेतली. वाक्य लिहिलेलं होतं, 'आता माझ्या अंगाला हात लावाल तर प्राण घेईन.' तिनं काठी उगारली आणि म्हणाली, "आता हात लावसीन त प्रान घेईन." बायांच्या बाजूनं एकच गलका उठला. मी सवयीनं विंगेतून दुरुस्त करायला तोंड उघडलं, टॉर्च वहीवर होती. मग टॉर्च बंद केली.